फोटोग्राफर ठरवताय? मग एक आख्खं लग्न बघायला मागा

लग्नाच्या फोटोंविषयी वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. एकसारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलीचं लग्न सहा महिन्यांवर आलंय. इन्स्टाग्रामवर सात-आठ जणांचं काम पाहिलं, सगळ्यांचेच फोटो सुंदर वाटतात. मग निवडायचं कशावरून?

इन्स्टाग्रामवरून नावं गोळा करा, निवड करू नका. तिथे दिसतात ते दोन-तीन वर्षांच्या कामातून वेचलेले शे-दीडशे फोटो. त्यातले काही खऱ्या लग्नातले नसतातही. मॉडेलना नटवून, उजेड हवा तसा लावून, निवांत काढलेले असतात. लग्नघरात तेवढी सवड कुणाला मिळते? म्हणून यादीतल्या प्रत्येकाकडे एकच मागणी करा : गेल्या वर्षभरातल्या दोन लग्नांच्या पूर्ण गॅलऱ्या दाखवा. म्हणजे त्या कुटुंबाच्या हाती दिलेले सगळेच्या सगळे फोटो. तुमचं लग्न रात्री हॉलमध्ये असेल, तर त्यातलं एक तरी लग्न रात्रीचं आणि हॉलमधलंच हवं. सकाळच्या कोवळ्या उन्हात बागेत चांगला फोटो काढणं फारसं अवघड नाही. ‘त्या कुटुंबाची परवानगी नाही, लिंक देता येणार नाही,’ असं कुणी म्हणालं तर ते रास्त आहे. अशा वेळी त्याच्याकडे जाऊन त्याच्याच स्क्रीनवर बघा. त्यालाही तो तयार नसेल तर पुढच्या नावाकडे वळा.

गॅलरी उघडली की नटण्याथटण्याचे फोटो भराभर सरकवा आणि थेट मुख्य विधीपाशी थांबा. ज्या क्षणासाठी सगळे जमलेत, तो क्षण नीट टिपलाय का? दोघांचेही चेहरे दिसतात, की मध्येच कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात आलाय? मग लागोपाठचे दहा फोटो घ्या आणि फक्त नवरीच्या कपड्यांचा रंग बघत जा. एका फोटोत लाल, दुसऱ्यात नारिंगी, तिसऱ्यात राणी असा तो बदलत असेल, तर या माणसाला मिश्र उजेड हाताळता येत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा आणि जास्त तितका निळसर. हॉलचे पिवळे दिवे साधारण ३,००० केल्विनचे असतात आणि फ्लॅशचा उजेड ५,५०० केल्विनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आणि मागची भिंत पिवळीधम्मक दिसते. जाणता फोटोग्राफर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत कागदाचा) तुकडा लावून दोन्ही उजेड जवळ आणतो. नंतर संगणकावर हे दुरुस्त करायला गेलं तर एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते.

यानंतर ग्रुप फोटो. तिसऱ्या रांगेत कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून बघा. तो अस्पष्ट असेल, तर पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या एफ/२ सारख्या उघड्या ॲपर्चरवरच ग्रुप उरकलेला आहे. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. तीन रांगांसाठी एफ/५.६ ते एफ/८ लागतं, आणि त्यासाठी उजेडही जास्त लावावा लागतो.

शेवटी कार्यक्रमाचा शेवटचा तास बघा. फोटोग्राफर दमलेला असतो, दिवे मंद असतात, माणसं नाचत असतात. त्या तासाचे फोटो तुम्हाला चालण्यासारखे वाटले तर बाकीचा दिवस तो सांभाळून नेईल.

प्रश्न : कॅमेरा कोणता आहे, हे विचारावं का?

मॉडेलचं नाव विचारून फारसं काही कळणार नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. एक : सोबत दुसरा कॅमेरा असतो का? कॅमेरा पडतो, शटर (उजेड ठरावीक वेळच आत सोडणारा पडदा) अडकतं, पावसाचं पाणी शिरतं. दुसरा : तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात का, आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी जातो का? मेमरी कार्ड अचानक मरतं. त्याआधी ते काही सूचना देत नाही. एकच कार्ड असेल तर त्यावरचा विधी कार्डाबरोबर जातो. २०१८ साली आलेले कॅनन ईओएस आर, निकॉन झेड ६ आणि झेड ७ हे चांगले कॅमेरे, पण त्यांत कार्डाची जागा एकच होती. लग्नाचं काम करणाऱ्यांनी त्यावर बरीच नाराजी व्यक्त केली; निकॉनच्या २०२० मधल्या पुढच्या आवृत्त्यांत दोन स्लॉट आले. आणि दोन स्लॉट असले तरी अनेक जण ‘पहिलं भरलं की दुसरं’ असं सेटिंग ठेवतात. तसं असेल तर दुसऱ्या कार्डाचा या कामी काही उपयोग नाही, म्हणून प्रश्न अगदी याच शब्दांत विचारा.

लेन्सबाबत एवढं पुरे : २४-७० आणि ७०-२०० मिमी या दोन्ही एफ/२.८ असाव्यात किंवा त्याहून जास्त उजेड घेणाऱ्या प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्स असाव्यात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी एफ/३.५-५.६ ची लेन्स संध्याकाळी हॉलमध्ये अपुरी पडते.

प्रश्न : आमच्याकडच्या एका लग्नात स्टेजवरच्या बऱ्याच फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. फोटोग्राफरने दोष लाइटवाल्यावर ढकलला. खरं काय?

दोघांचाही दोष होता. स्वस्त एलईडी दिवे सलग उजेड देत नाहीत, ते फार वेगाने चालू-बंद होत असतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेरा मात्र फोटो एका क्षणात पूर्ण घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत जातो. शटर १/५०० सेकंदावर असेल तर काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात आणि काही मंद असताना. तेच ते पट्टे. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर पट्टे आणखी वाढतात, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचा वाचनाचा वेग यांत्रिक शटरपेक्षा बराच कमी असतो.

५० हर्ट्झच्या ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की प्रत्येक ओळीला दिव्याचं पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जातात. ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/१२० किंवा १/६०. पण एवढ्या हळू शटरला नाचणारी माणसं हलतात, म्हणून सोबत फ्लॅश लागतो. फ्लॅशचा लखलखाट अतिशय कमी वेळाचा असल्यामुळे हालचाल गोठते. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची लुकलुक याहून जलद असते, तिथे हा हिशेब दर वेळी जुळत नाही. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग अगदी थोडाथोडा बदलून पट्टे घालवता येतात. त्यासाठी फोटोग्राफरने कार्यक्रमाआधी अर्धा तास येऊन, दिवे लावायला सांगून दहा-बारा फोटो काढून बघायला हवेत. पहिल्या बैठकीतच विचारा, ‘एलईडीचे पट्टे आले तर काय करता?’ उत्तरात शटरचा उल्लेख आला तर माणूस कामाचा आहे. ‘नंतर एडिटिंगमध्ये काढू’ म्हणाला तर सावध व्हा. चेहऱ्यांवरचे पट्टे धड निघत नाहीत.

याच संदर्भात डीजेलाही एक सांगून ठेवा : लेसरचा झोत कॅमेऱ्याकडे वळवू नका. थेट सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर) पडलेला लेसर तिथे कायमची रेघ किंवा ठिपका उमटवू शकतो, आणि मग तो पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतो.

प्रश्न : आमच्या हॉलचं छत खूप उंच आहे आणि गडद रंगाचं आहे. याने काही फरक पडतो?

पडतो, आणि फोटोग्राफरला हे आधीच कळवलंत तर फार बरं. फ्लॅश छताकडे वळवून परतलेला मऊ उजेड घेण्याची पद्धत छत पांढरं आणि साधारण तीन-चार मीटर उंचीचं असेल तर छान चालते. उंच किंवा गडद छत उजेड गिळून टाकतं; रंगीत छत किंवा कापड असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. अशा जागी हॉलच्या दोन कोपऱ्यांत स्टँडवर फ्लॅश उभे करतात. त्यासाठी एक मदतनीस लागतो आणि स्टँडला अडखळून कुणी पडू नये म्हणून जागाही राखावी लागते. हॉलचे चार फोटो मोबाइलवर काढून फोटोग्राफरला पाठवा.

प्रश्न : मोठ्या स्टुडिओशी बोलणं झालं, पण लग्नाला भलताच माणूस आला. हे टाळायचं कसं?

नाव लिहून घेऊन. स्टुडिओची एकाच दिवशी तीन-चार लग्नं असू शकतात, त्यात गैर काही नाही. पण जे काम दाखवलं ते कुणाचं आणि तुमच्याकडे कोण येणार, हे करारात नावानिशी हवं. तो माणूस आजारी पडला तर पर्यायी कोण, आणि त्याचं काम आम्हाला आधी दाखवलं जाईल का, हेही लिहा. करार म्हणजे वीस पानं नकोत. दोन पानं पुरतात, व्हॉट्सॲपवरचं ‘हो, होऊन जाईल’ मात्र पुरत नाही.

त्या दोन पानांत तारीख, जागा आणि काम सुरू-बंद होण्याची वेळ असावी. वेळ वाढली तर तासाचा दर काय, हे सर्वांत जास्त विसरलं जातं आणि भांडणंही त्यावरूनच होतात, कारण लग्न वेळेवर संपत नाही. मग किती फोटोग्राफर, दुरुस्त केलेले फोटो किमान किती, ते किती दिवसांत, अल्बमचा आकार आणि शीट किती, बदल किती वेळा करून मिळतील. लग्न पुढे ढकललं तर ॲडव्हान्स नव्या तारखेला चालेल का, आणि रद्द झालं तर किती परत. फोटोग्राफरनेच रद्द केलं तर काय, हा मुद्दा छापील करारात बहुतेकदा नसतो. हाताने लिहून घ्या.

पैशांचं म्हणाल तर तारीख पक्की करताना चौथा ते निम्मा हिस्सा देणं रूढ आहे. शेवटचा दहा-वीस टक्के भाग फोटो हाती येईपर्यंत राखून ठेवा. काही जण पूर्ण पैसे आल्याशिवाय फाइल देत नाहीत, तेही समजण्यासारखं आहे. मग आधी कमी आकाराचे सगळे फोटो दाखवावेत आणि पैसे मिळताच मूळ आकाराचे द्यावेत, असं ठरवता येतं.

प्रश्न : मित्र हौशी फोटोग्राफर आहे, फुकट काढून देतो म्हणतो.

तो लग्नात पाहुणा असेल की फोटोग्राफर, हे आधी ठरवा. दोन्ही एकाच दिवशी जमत नाही. आणि फोटो चार महिने आले नाहीत तर त्याला किती वेळा विचारू शकाल? साखरपुड्याला किंवा घरगुती कार्यक्रमाला त्याला जरूर सांगा.

प्रश्न : रॉ फाइल मागाव्यात का? फोटोग्राफर नाही म्हणतोय.

बहुतेक जण देत नाहीत, आणि त्यांचं कारण पटण्यासारखं आहे. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची माहिती. त्यावर रंग-उजेडाचं काम व्हायचं असतं, ती नेहमीच्या मोबाइलवर नीट दिसतही नाही. २४ मेगापिक्सेलची एक फाइल २५ ते ३० एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी. त्याऐवजी दुरुस्त केलेले फोटो पूर्ण आकाराच्या जेपीईजीमध्ये मागा. ते मात्र हक्काने. आणि रॉ फाइल फोटोग्राफर किती महिने सांभाळणार, हे विचारून ठेवा.

प्रश्न : मागच्या लग्नात घरच्यांच्या ग्रुप फोटोंत दोन तास गेले, तरी आत्याचा फोटो राहिलाच.

हे फोटोग्राफरवर सोडून चालत नाही, आत्या कोण हे त्याला कुठून माहीत असणार? एका ग्रुपला माणसं जमवून, उभं करून, चार-पाच क्लिक करून सरासरी तीन मिनिटं लागतात. वीस ग्रुप म्हणजे एक तास, तोही माणसं समोर हजर असतील तर. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी यादी करा आणि ती वीसवर थांबवा. मोठ्यात मोठा ग्रुप आधी घ्या, मग एकेक माणूस कमी करत जा. म्हणजे सारखं कुणाला शोधावं लागत नाही. आजी-आजोबा आणि लहान मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत मोकळी व्हायला हवीत. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नेमा, ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने ओळखतात आणि ज्याचा आवाज मोठा आहे. यादी त्याच्या हातात, फोटोग्राफरच्या नाही.

दोघांचे निवांत फोटो हवे असतील तर सूर्यास्ताआधीच्या तासातली तीस-चाळीस मिनिटं राखून ठेवा. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तेव्हा झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीतच उभं राहायचं. मात्र दाट पानांतून उन्हाचे कवडसे पडत असतील ती जागा टाळा, चेहऱ्यावर ठिपके दिसतात.

प्रश्न : व्हिडिओ आणि फोटो एकाच टीमला द्यावेत का?

शक्यतो हो. वेगवेगळ्या टीम असल्या की विधीच्या वेळी एकमेकांच्या चौकटीत उभं राहण्याची चढाओढ लागते. एकच माणूस दोन्ही करणार असेल तर मात्र नको; व्हिडिओ चालू असताना फोटो काढता येत नाही आणि क्षण एकदाच येतो.

व्हिडिओवाल्याला आवाजाबद्दल विचारा. कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नवरदेवाच्या कपड्यांना लहान माइक लावणार का, ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला स्वतंत्र रेकॉर्डर जोडणार का? दोन्हींना उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्हाला वर गाणं चढवलेली मूक चित्रफीत मिळेल. मंत्र, भाषण, आजीचा आशीर्वाद, काहीच ऐकू येणार नाही. आणि चढवलेलं गाणं परवानगीचं नसेल तर ऑनलाइन टाकल्यावर आवाज बंद होऊ शकतो. साठवणुकीचा हिशेबही विचारा : १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. हे सगळं कुठे आणि किती प्रतींत ठेवता, याचं उत्तर त्याच्याकडे तयार असायला हवं.

दोन-तीन कॅमेरे असतील तर सकाळी सगळ्यांची घड्याळं मिनिट-सेकंदासह जुळवून घ्यायला सांगा. एक कॅमेरा सात मिनिटं मागे असला की वेळेनुसार लावलेल्या गॅलरीत विधीचा क्रम उलटसुलट होतो.

प्रश्न : फोटोंत नवरीला इतकं गोरं आणि गुळगुळीत केलं, की ती ओळखूच येत नव्हती. हे आधी सांगता येतं?

सांगता येतं, सांगायलाच हवं. दहा-बारा फोटोंचा नमुना आधी मागा आणि तो बघून स्पष्ट लिहा : मुरूम, ओरखडा काढला तर चालेल, त्वचेचा रंग, तीळ, चेहऱ्याचा आकार बदलायचा नाही. आता सॉफ्टवेअर हजार फोटोंवर एका झटक्यात चेहरा गुळगुळीत करून देतं, म्हणून हा प्रकार वाढलाय. निवड करतानाच गॅलरीत सावळ्या चेहऱ्यांचे फोटो शोधा. ते राखाडी किंवा फिके दिसत असतील तर तुमचेही तसेच होतील.

प्रश्न : अल्बम मंजूर करताना काय बघावं?

पहिलं, नावं आणि तारीख. हसू नका, पहिल्या पानावरच्या चुका छापून आल्यावरच लक्षात येतात. दुसरं, मधली घडी कुणाच्या चेहऱ्यावरून जात नाही ना. तिसरं, कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आत महत्त्वाचं काही नको, छापल्यावर कड कापली जाते.

बारा बाय छत्तीस इंचाचं उघडं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे पूर्ण पानभर ताणल्यावर तो साधारण १६७ डीपीआयला येतो. हातभर अंतरावरून ते चालून जातं. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला, लांब बाजूला सुमारे १,६०० पिक्सेल उरलेला फोटो पाच इंचांपेक्षा मोठा छापू देऊ नका. एका उघड्या पानावर तीन-चार फोटो पुष्कळ झाले. नऊ-दहा कोंबले की नुसती गर्दी दिसते. स्क्रीन उजळ असते, कागद नसतो; म्हणून पूर्ण अल्बम छापण्याआधी सर्वांत काळोखं एक पान नमुना म्हणून छापून मागा.

प्रश्न : आमचे फोटो ऑनलाइन जाहिरातीसाठी वापरले जाऊ नयेत, असं वाटतं.

फोटोचा मालकी हक्क कुणाचा, हे देशागणिक बदलतं. काही ठिकाणी तो काढणाऱ्याचा असतो, काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. म्हणून एक ओळ लिहून घ्या : लेखी परवानगीशिवाय एकही फोटो कुठेही प्रसिद्ध करायचा नाही. लहान मुलांच्या फोटोंसाठी वेगळी ओळ. काही जण यासाठी जास्त पैसे मागतात, कारण जाहिरातीचं साधन जातं. तेवढी घासाघीस होऊ शकते.

प्रश्न : फोटोंची लिंक आली होती, वर्षाने उघडली तर बंद.

अशा लिंक अनेकदा एक ते तीन महिन्यांपुरत्याच असतात, मुदत त्याच ईमेलमध्ये लिहिलेली असते. फोटोग्राफरला लगेच विचारा, बऱ्याच जणांकडे प्रत असते. इतरांनी लिंक आल्याच्या आठवड्यातच मूळ आकारात सगळे फोटो उतरवून घ्यावेत, आकडा यादीशी जुळतो का ते मोजावं आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या, आणि वर्षातून एकदा दोन्ही जोडून दहा-वीस फोटो उघडून बघा. पेन ड्राइव्ह फोटो नेण्या-आणण्यापुरता ठीक. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं साधन तो नव्हे.